अपांचा माइक

माझ्या जावेचं काही चुकत नाही, आणि तिचं हेच मला सहन होत नाही.

चुकली असती तर मी तिला चार शब्द सुनावले असते, ती मुळूमुळू रडली असती, मी तिला जवळ घेतलं असतं, आणि मग आम्ही दोघी सुखाने नांदलो असतो. पण गुलझात राजधानीतून, बिश्केकहून, आमच्या गावात आली तेव्हापासून तिची रोटी करपली नाही, चहा कडू झाला नाही, की सासूसमोर तिचा आवाज चढला नाही. जावा जावा, उभा दावा म्हणतात. इथे दावा मांडायला जागाच नाही. दावा एकटीने कसा मांडायचा?

आमच्यात वडिलांचं घर धाकट्या मुलाला जातं. त्यामुळे माझा नवरा थोरला असूनही आम्ही रस्त्यापलीकडे वेगळी चूल मांडली, आणि अपा, म्हणजे आमच्या सासूबाई, धाकट्या उलानकडे राहिल्या. उलानचं लग्न झालं तसं ते घर गुलझातचं झालं. गाय तिची झाली, अंगणातला पंप तिचा झाला, अपांच्या हाताखाली मी जिथे पंधरा वर्षं भाजी चिरली तो ओटाही तिचा झाला. मी ब्र काढला नाही. रीत ती रीत. पण शुक्रवार माझा होता.

गावाचा एक छोटा रेडिओ आहे, सांस्कृतिक भवनाच्या मागच्या खोलीत. तिथली यंत्रं मी सांभाळते. शुक्रवारी दुपारी त्यावर अपा बोलतात. नमद्याच्या लोकरीला कुठल्या मुळीने कुठला रंग चढतो, गाय दूध चोरत असेल तर काय करावं, कोणाची मुलगी कुठल्या कुरणातल्या घरात गेली आणि तिने तिथे काय करून दाखवलं, असं सगळं. नारिनच्या बाजारापर्यंत लोक ऐकतात. अपांसाठी एका संस्थेने चांगला माइक भेट दिला आहे. तो अपा स्वतःच्या पेटीत, रेशमी रुमालात गुंडाळून ठेवतात आणि शुक्रवारी बरोबर घेऊन निघतात.

तो माइक कॉम्प्युटरला लावायचं काम माझं. ऐकायला सोपं वाटतं, पण नाही. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, कारण ते फुकट आहे. त्याला नवीन काही जोडलं की आतून एक आरोळी येते, पाहुणा आला. आरोळी देणाऱ्याचं काम तिथे संपतं. पाहुणा कोण, त्याला काय म्हणायचं, कुठे बसवायचं, त्याच्यासाठी कोणाला उठवायचं, हे त्याच्या बाहेरच्या दुसऱ्या प्रोग्रामने, म्हणजे जणू घरच्या बाईने, बघायचं असतं. तिला कोणी काही सांगून ठेवलं नसेल तर ती बिचारी पाहुण्यांना येतील तसे ओळीने बसवते. सकाळी कोणी कॅमेरा जोडून ठेवला असेल तर अपांचा माइक दुसरा. बातम्यांवाल्याचा माइक आधीच लागलेला असेल तर तिसरा. आमच्या घरी असं केलं तर मारामारी होईल. दारासमोरच्या भिंतीकडची जागा ज्येष्ठांची, दारालगतची धाकट्या सुनेची, आणि मधले सगळे वयाप्रमाणे. आधी पोचला म्हणून कोणी वर बसत नाही.

म्हणून दर शुक्रवारी मी बघायचे, आज माइकला कितवी जागा मिळाली आहे. मग रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला तो आकडा सांगायचा, आवाज लावायचा, अपांना दोनदा खोकायला लावायचं. मग त्या बोलायला लागायच्या आणि मी समोर बसून मान डोलवायचे.

खरी मजा त्याच्या आधी आणि नंतर होती. घरून रेडिओपर्यंत आम्ही दोघी चालत जायचो. रेडिओवर सांगता येत नाही ते अपा वाटेत सांगायच्या. त्यांच्या थोरल्या जावेने ऐन लग्नसराईत त्यांच्या लोण्यात गुपचूप मीठ कसं कालवलं, आणि सासूने सगळ्यांसमोर त्यांना कसं झापलं, हे मला पुलावर कळलं. उलानला माहीत नाही. माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी माझी गाय व्यायला झाली होती आणि एका शुक्रवारी मला निघायला उशीर झाला. पोचले तर अपा खुर्चीत बसलेल्या, माइक मांडीवर, आणि शेजारी गुलझात. ती त्यांना घरी राहिलेला चष्मा द्यायला आली होती म्हणे. मला बघून उठून उभी राहिली, मी बसेपर्यंत बसली नाही. मी घाईघाईने सगळं लावलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. तिचं शिक्षणच त्यातलं. राजधानीतल्या कंपनीचे कॉम्प्युटर ती इथे चुलीशेजारी बसून चालवते.

पुढच्या शुक्रवारी आमच्याबरोबर तीही आली.

"एजे, रागावू नका हं," ती मला म्हणाली. एजे म्हणजे ताई. तिने मला कधी नावाने हाक मारली नाही, तेवढंही चुकली नाही. "काल घरूनच या कॉम्प्युटरमध्ये एक नियम लिहून ठेवलाय. तुमचा त्रास वाचेल."

"मला कुठे त्रास होतो?"

"होत नाही हो. पण बघा तर. अपा, तुम्हीच लावा. कुठल्याही भोकात लावा."

अपांनी रुमाल सोडला, माइकची वायर हातात घेतली आणि देवाचं नाव घेऊन खुपसली. हिरवा दिवा लागला. पडद्यावर रेकॉर्डिंग आपोआप उघडलं, आवाज आपोआप बेताचा झाला. मी हातसुद्धा लावला नव्हता.

"ओळखलं की गं मेल्याने मला," अपा म्हणाल्या.

"तुम्हाला नाही, माइकला ओळखलं," मी म्हटलं. "प्रत्येक माइकच्या पोटात त्याचा क्रमांक असतो. तिने तो लिहून ठेवलाय, की हा दिसला तर असं असं कर."

"माइक कोणाचा?"

"तुमचा."

"मग मलाच ओळखलं ना." आणि त्यांनी वायर काढली, परत लावली. परत दिवा लागला. लहान मुलीसारख्या हसल्या. गुलझात खाली बघून उभी होती, जशी काही चूल फुंकून दिली असावी एवढंच. मग अपा माझ्याकडे वळल्या. "नाझिक, आता तू कशाला गं थंडीत तंगडतोड करतेस? तुझं वासरू लहान आहे. माझं मी करेन."

एवढ्या गोड हातांनी मला आजवर कोणी दाराबाहेर काढलं नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी घरी बसून रेडिओ ऐकला. आवाज स्वच्छ होता. माझ्या हातून नेहमी बारीक घरघर राहून जायची, तीही नव्हती. आणि अपांनी सुरुवातच अशी केली: "आता माझ्या सुनेने मशिनला माझी ओळख करून दिली आहे." सुनेने. कुठल्या सुनेने ते सांगितलं नाही. दुकानात साखर आणायला गेले तर दुकानदारीण म्हणाली, "नाझिक, कमाल केलीस हं." मला सांगावं लागलं की मी नव्हे, धाकटी. असं सांगताना चेहरा हसरा ठेवायला लागतो. माझे गाल दुखले.

मी जळत होते. उगाच दुसरा शब्द कशाला शोधायचा? घर गेलं, गाय गेली, ओटा गेला, त्याचं काही नाही. पण त्या पोरीने चहा ओतता ओतता चार ओळी लिहिल्या आणि माझी सासू माझ्याकडून काढून घेतली. बरं, आठवड्याचे बाकी सगळे दिवस तिच्याकडेच होते की. एक दिवस माझ्याकडे होता, तोही तिला माझे कष्ट वाचवण्यासाठी हवा झाला.

मंगळवारी रेडिओची खोली झाडायला गेले तेव्हा मी तिची फाइल उघडून पाहिली. असे नियम एका ठिकाणी ठेवलेले असतात आणि प्रत्येक फाइलच्या नावापुढे आकडा असतो. मशिन त्या आकड्यांच्या क्रमाने वाचत जातं. गुलझातने आकडा घातला होता सत्तर. म्हणजे पार दारालगत, चपलांच्या शेजारी. धाकटी आहे, स्वतःची पायरी ओळखून आहे, असं वाटलं, आणि त्याचाही मला राग आला.

मी माझी फाइल लिहिली. तिला दहा आकडा दिला. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आमच्यात थोरलं माणूस आधी बोलतं. ते बोललं की विषय संपला. मागून कोणी तोंड उघडलं तर बाकीचे खिडकीबाहेर बघतात. आजवर नियमांची फाइल मी एकदाच लिहिली होती, बातम्यांवाल्याच्या जुन्या यंत्रासाठी, आणि तिथे ती एकटीच होती. कोणाचा मान आधी हा प्रश्नच नव्हता. आता मी लिहिलं की हा क्रमांक असलेला माइक आला तर त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, त्याला नाव देऊ नकोस, त्याच्यासाठी कोणाला उठवू नकोस. लिहून झाल्यावर मी खिडकी पुसली, कचरा भरला आणि घरी आले. लोण्यात मीठ पडलं होतं.

शुक्रवारी सकाळपासून मी फोन चुलीजवळ ठेवला. दुपारी तो वाजला.

"नाझिक," अपा म्हणाल्या, "अगं, हे मला ओळखत नाही. किती वेळा लावलं."

"गुलझात आहे ना."

"तिला केला फोन. म्हणते, मला नाही जमायचं अपा, नाझिक एजेंनाच बोलवा. ये बाई लवकर, वेळ होत आली."

मला नाही जमायचं. हे मी वाटेभर पुन्हा पुन्हा मनात ऐकत गेले. थंडी होती, कुत्री पोटात पाय घेऊन पडली होती, आणि मी अशी चालले होते की जणू माझंच लग्न आहे.

खोलीत अपा माइक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दिवा विझलेला. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि माझी फाइल गुपचूप काढून टाकली. मग रुबाबात म्हटलं, "लावा आता."

त्यांनी लावलं. काही झालं नाही.

"परत लावा."

परत काही नाही. माझी फाइल जाऊन चुकली होती, अडवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि तरीही माइक दारातच उभा. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी मी जुनं ते केलं. माइकला कितवी जागा मिळाली ते पाहिलं, आकडा प्रोग्रामला सांगितला, आवाज लावला, अपांना खोकायला लावलं. घरघर परत आली. अपा बोलायला लागल्या.

त्या रुबार्बच्या मुळीच्या पिवळ्या रंगाबद्दल सांगत असताना मी गुलझातची फाइल उघडली. तिची ओळ जागच्या जागी होती, पण तिच्यापुढे एक फुली काढलेली होती, दोन उभ्या दोन आडव्या रेघांची. अशी फुली असली की मशिन ती ओळ वाचत नाही. ओळ असते, पण तोंड मिटून. ती फुली मी काढली नव्हती. रेडिओवर दुसऱ्या कोणाला ते कळतही नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिने मला पकडलंय आणि आता अपांसमोर उघडं पाडणार. दुसरा विचार आला नाही.

परतीच्या वाटेवर अपा माझा हात धरून चालत होत्या. "चार दिवसांचं कौतुक," त्या म्हणाल्या. "शहरात एवढं शिकून आली आणि एक वायर धड लागत नाही. हाताचं ते हाताचं गं. तुझ्यासारखं तिला यायचं नाही."

हेच ऐकायला मी मरत होते. पुलापर्यंत मी ते घोट घोट घेत गेले. पूल ओलांडल्यावर मला त्या फुलीची आठवण झाली आणि चव गेली.

घरी अपा गाईकडे बघायला गोठ्यात गेल्या. गुलझात दारालगत, चहाच्या किटलीशेजारी तिच्या जागेवर बसली होती. मी वर बसले, माझ्या जागेवर. तिने प्याला माझ्यापुढे केला, निम्माच भरलेला, जसा मानाच्या माणसाला देतात, म्हणजे परत परत मागायला वाव राहतो. भरून दिला असता तर पिऊन ऊठ असा अर्थ झाला असता. मी बघून घेतलं. निम्माच होता.

"तू तुझी ओळ बंद केलीस," मी म्हटलं.

"हो."

"का?"

"तुमची फाइल दिसली. मी घरून मधून मधून डोकावते ना." ती बोर्सोकांची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांची, ताटली सरळ करत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"माझी दिसली तर माझी काढायची. किंवा ओरडायचं माझ्यावर. स्वतःची का बंद केलीस?"

"तुमची चालली नसती, एजे."

"का नसती? मी दहावर लिहिली होती. तू सत्तरावर."

"म्हणूनच." तिने जरा वेळ घेतला, जशी मुलं मास्तरांची चूक सांगताना घेतात. "मशिन वाचतं लहान आकड्यापासूनच. पण शेवटी जो बोलतो त्याचं धरतं. तुम्ही म्हणाला असतात, लक्ष देऊ नकोस. मग मागून माझा सत्तर आला असता आणि म्हणाला असता, दे लक्ष. अपांचा दिवा लागला असता."

"म्हणजे धाकट्याचं चालतं."

"मशिनमध्ये," ती म्हणाली. "तुम्ही थोरल्या, म्हणून दहा लिहिलंत, ते मला लगेच कळलं. नव्याण्णव लिहिलं असतंत तर काम झालं असतं. मी बदलणारही होते तुमचा आकडा. पण थोरल्या जावेच्या लिहिण्याला हात लावायचा, ते बरं दिसेना. म्हणून माझंच गप्प केलं."

माझ्या हातातला प्याला गार होत होता. तिने हात पुढे केला, तो घेतला, गार चहा ओतून दुसरा ओतला. तोही निम्माच.

"अपा वाटेत तुला नावं ठेवत होत्या," मी म्हटलं. मला तिला कुठेतरी लागायला हवं होतं.

"ठेवू देत की."

"वायरसुद्धा लावता येत नाही म्हणाल्या."

"म्हणू देत, एजे." मग ती हसली, आणि मनापासून हसली, यात खोट असती तर मी ती शोधली असती. "माझ्याजवळ तर त्या आठवडाभर असतात. शुक्रवार तुमचा."

झाडून सगळं तिचं होतं, म्हणून तिला द्यायला जमलं. हे मी तिला म्हणणार होते. खरंच ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात अपा गोठ्यातून आल्या, बूट काढता काढता त्यांचं चालूच होतं, की आजकालच्या पोरींना बोटं फक्त काचेवर फिरवायला येतात.

"अपा," मी म्हटलं, "तिचं काम चांगलं होतं. मशिन जुनं आहे आपलं."

का म्हटलं ते मला ठाऊक आहे. त्या पोरीचे उपकार अंगावर घेऊन मला चहा गिळवत नव्हता, कुठेतरी थोडे फेडायचे होते. अपा थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि गुलझातला म्हणाल्या, "बघ. याला म्हणतात थोरली. किती मोठं मन."

"हो ना," गुलझात म्हणाली आणि त्यांचा प्याला भरायला घेतला.

आता बर्फ पडून गेलं आहे. ती फुली अजून तिथेच आहे. एक कळ दाबली की पुसली जाईल, अपांचा दिवा परत आपोआप लागेल, घरघरही जाईल. दर शुक्रवारी मी ती बघते आणि फाइल बंद करते. मग अपांना खोकायला लावते. मी काही ती फुली पुसणार नाही. शुक्रवार माझा आहे, मग तो कोणी का दिलेला असेना.

वाटेत मी अपांचा हात घट्ट धरते, कारण पुलावर घसरडं असतं. थोरल्या जावेची, लोण्याची, त्यांच्या नव्या नवरीपणाची गोष्ट त्या आताशा काढत नाहीत. वायरीचंही त्या कधीच विसरल्या. गुलझातने सोमवारी काय शिजवलं, गुलझातने त्यांचे पाय कसे चेपले, गुलझात फोनवर कंपनीच्या साहेबाशी कशी न घाबरता बोलली, हे त्या मला घरापासून रेडिओपर्यंत सांगत राहतात, आणि मी ऐकते.